न्यू जर्सी: कॅरी परमिट मिळालं, पण पिस्तूल न्यायचं कुठे?

दारातली_तुळस
लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं, आज लिहितेच.

मध्य न्यू जर्सीत आमचं छोटं दुकान आहे. दूध, ब्रेड, लॉटरी, थोडा देशी किराणा. सकाळी नवरा उघडतो, रात्री साडेदहाला मी बंद करते. गल्ला मोजायचा, शटर ओढायचं, मागच्या दाराने गाडीपर्यंत जायचं आणि बँकेच्या रात्रीच्या पेटीत पाकीट टाकून घरी यायचं. सगळी मिळून पंचवीस मिनिटं. २०१६च्या हिवाळ्यात याच पंचवीस मिनिटांत एकाने मागून माझी मान धरली. पाकीट गेलं, चष्मा फुटला, डावा खांदा अजून थंडीत दुखतो. पोलीस आले, चांगलं बोलले, पण ते आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

पुढच्याच महिन्यात मी पिस्तूल सोबत बाळगायच्या (कॅरी) परमिटची चौकशी केली. तेव्हा इथे 'जस्टिफायेबल नीड' सिद्ध करावी लागे, म्हणजे माझ्याच जिवावर कुणी टपलाय हे दाखवायचं. समोरचे अधिकारी म्हणाले, एकदा लुटलं म्हणजे तुम्हाला विशेष धोका आहे असं होत नाही. कुणी नाव घेऊन धमकी दिली आहे का? मी फॉर्मची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि घरी आले.

जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ब्रुएन खटल्यात सांगितलं की सामान्य माणसाने स्वसंरक्षणासाठी शस्त्र जवळ बाळगायला खास कारण देण्याची गरज नाही. या वेळी मी अर्ज केला. चार ओळखीच्यांच्या शिफारशी, बोटांचे ठसे, प्रशिक्षण, २०० डॉलर फी. परमिट आलं. पण त्याआधी डिसेंबरातच राज्याने नवा कायदा करून ठेवला होता. उद्यानं, ग्रंथालयं, दवाखाने, दारू मिळणारी हॉटेलं, नाट्यगृहं, शाळा, परवानगी घेऊन भरवलेल्या कार्यक्रमापासून १०० फूट, ही यादी वाचतानाच दम लागतो.

माझा कालचा दिवस सांगते. लेकीला ग्रंथालयात सोडलं, सासऱ्यांना डॉक्टरकडे नेलं, मग दुकान. म्हणजे तीन तासांत दोनदा गाडीत बसून पिस्तूल काढायचं, पेटीत कुलूपबंद करायचं, पुन्हा लावायचं. जेवायला बोलवायचं आणि पानंच मांडायची नाहीत, तसा हा प्रकार आहे. माझ्या मते हे चूक आहे आणि त्याविरुद्ध बोललं पाहिजे. बाकीचे परमिटवाले काय करतात?

रारिटनकाठ
तुळसताई, आधी कायद्याचं २०२३मध्ये काय झालं ते सांगतो. कॅमडेनच्या फेडरल न्यायाधीश रेने बम यांनी २०२३च्या जानेवारीत आणि मग मे महिन्यात यातली बरीच कलमं रोखली. जूनमध्ये वरच्या कोर्टाने तो मनाई हुकूम काही कलमांपुरता थांबवला. म्हणून उद्यानं, ग्रंथालयं, दवाखाने, दारूची हॉटेलं यांची बंदी परत लागू झाली. तीन लाख डॉलरच्या विम्याची सक्ती आणि 'खासगी जागेत मालकाने आधी होकार दिल्याशिवाय नेऊ नका' हे कलम मात्र थांबलेलंच राहिलं. खटला पुढे सरकत असतो, त्यामुळे कॅरी करणाऱ्याने दर काही आठवड्यांनी ताजी स्थिती वाचायलाच हवी. ऐकीव माहितीवर कुणी खिशात पिस्तूल घालून फिरू नये, माझ्या या प्रतिसादावरही नाही.

पर्वती_पायथा
अहो, पण दूध विकायला पिस्तूल? वाचूनच पोटात गोळा आला.

दारातली_तुळस
@पर्वती_पायथा, मलाही येतो. पहिल्या दिवशी नेमबाजीच्या रेंजवर हात एवढा थरथरत होता की मॅगझिनमध्ये गोळी बसेना. तरी मान धरणारा हात मला जास्त आठवतो.

लाल_माती_डॅलस
टेक्सासमधून. आमच्याकडे १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला कॅरीसाठी परमिट लागतच नाही. मी तरी ते काढून ठेवलंय, कारण दुसऱ्या राज्यात गेलं की उपयोगी पडतं.

तुमच्या यादीपेक्षा मला आमची पद्धत पटते. दुकानदाराला नको असेल तर तो दारावर ठरलेल्या मजकुराची पाटी लावतो. कलम ३०.०६ची पाटी लपवलेल्या शस्त्राला मनाई करते, ३०.०७ची उघड्या. पाटी दिसली की मी मुकाट्याने मागे फिरतो, त्याचं घर त्याचा कायदा. न्यू जर्सीने मात्र उलटं केलं होतं. मालक काही बोलला नाही तर उत्तर 'नाही' धरायचं. हवाईचं असंच कलम सुप्रीम कोर्टाने २०२५च्या ऑक्टोबरात सुनावणीला घेतलं.

रात्रपाळी
मी इमर्जन्सी रूममध्ये काम करते. इथल्या बहुतेकांशी माझं पटणार नाही, पण मनापासून लिहिते.

अमेरिकेत बंदुकीने जे मरतात त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. गोळ्या घेतलेला माणूस बहुतेकदा वाचतो, घरी जातो, पुढे नीट जगतो. बंदुकीने प्रयत्न केलेल्या दहांपैकी साधारण नऊ जात नाहीत घरी. त्यांच्या घरच्यांना बाहेरच्या खुर्चीवर बसवून सांगायचं काम माझ्याकडे असतं. एका आईने मला विचारलं होतं, 'पेटीचा नंबर त्याला कसा कळला?' नंबर त्याच्याच जन्मतारखेचा होता.

तुळस, तुमच्यावर गुदरलं ते भयंकर आहे. पण आमच्या दवाखान्यात शस्त्र आणू नका म्हणणाऱ्या कायद्याचे मी आभार मानते. रात्री दोन वाजता दारू प्यायलेला नातेवाईक, रडारड, शिवीगाळ, त्यात कुणाच्या कमरेला पिस्तूल असेल तर मला तिथे उभं राहता येणार नाही.

नेमबाज_काका
रात्रपाळी, पेटीच्या नंबराचं माझ्या प्रत्येक वर्गात पहिल्या दहा मिनिटांत सांगतो. जन्मतारीख नाही, घर नंबर नाही, गाडीचा नंबर नाही. मुलं आपल्यापेक्षा हुशार असतात.

मी प्रशिक्षक आहे. न्यू जर्सीच्या परीक्षेत ५० फैरींपैकी ४० निशाण्यावर लागाव्या लागतात. ही अट मला मान्य आहे. ज्याला ती जमत नाही त्याने गर्दीत पिस्तूल नेऊच नये. ज्या अटीने माणूस जास्त सुरक्षित होतो तिला मी कधी विरोध केलेला नाही. ज्या अटीने तो नुसता दमतो, तिला माझा विरोध आहे. ताईंनी लिहिलंय तशी दिवसातून चार-चारदा काढघाल करायला लावणं हा दुसरा प्रकार. पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे त्याच्या म्यानात, असतं तेव्हा ट्रिगर झाकलेला असतो. चुकून गोळी सुटते ती काढता-घालताना. आणि पार्किंगमधल्या गाडीत राहिलेलं पिस्तूल हा चोराला दिलेला आहेर.

दुसरं उदाहरण घ्या. या राज्यात आत रिकामं टोक असलेली 'हॉलो पॉइंट' गोळी घरी, दुकानात, रेंजवर चालते, पण रस्त्यावर कॅरी करताना चालत नाही. ती गोळी शरीरात पसरून थांबते, साधी गोळी आरपार जाऊन मागच्याला लागू शकते. पोलीस स्वतः हॉलो पॉइंटच वापरतात. मागे उभा असणारा तुमचाआमचा कुणी असेल तर कुठली गोळी बरी?

मिरज_जंक्शन
काका, एक बाळबोध प्रश्न. पंजाबी ड्रेसवर होल्स्टर लावायचं कुठे? बायको विचारतेय, आणि ती विचारतेय म्हणजे तिने आधीच ठरवलंय.

नेमबाज_काका
@मिरज_जंक्शन, नाडीवर अजिबात नाही! पोटाला बांधायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा मिळतो. पण ट्रिगर झाकणारं कडक कवच असलेलाच घ्या, आणि महिनाभर घरात रिकाम्या पिस्तुलाने सराव करू दे. साडीचं काही विचारू नका, अजून तोडगा सापडलेला नाही.

गोदाघाट_नवा
मी दोन वर्षांपूर्वी एच-१बीवर आलोय, पेनसिल्व्हेनियात राहतो. मला घेता येईल का?

रारिटनकाठ
@गोदाघाट_नवा, फेडरल कायद्याने एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. ग्रीन कार्ड झालं की विकत घेता येते. बंदूक विकत घेताना भरायच्या फॉर्म ४४७३ वर खोटं लिहिलं तर फेडरल गुन्हा, आणि मग व्हिसाच काय, सगळंच गेलं. मित्राला 'तुझ्या नावावर घे' असंही सांगू नका, तोही गुन्हाच आहे.

आणि डेलावेअर नदीच्या पुलापलीकडे राहताय म्हणून आणखी एक. पेनसिल्व्हेनियाचं परमिट न्यू जर्सीत चालत नाही. २०१३ साली फिलाडेल्फियाची एक एकटी आई अटलांटिक काउंटीत गाडी थांबवल्यावर आपणहून अधिकाऱ्याला म्हणाली, माझ्याकडे परमिट आहे आणि पर्समध्ये पिस्तूल आहे. आधीचा गुन्हा काहीच नव्हता. तिच्यावर किमान सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार आली. शेवटी २०१५ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. वाहन परवाना ५० राज्यांत चालतो आणि हा नदीच्या पुलावर संपतो.

कातळसडा
आमचं गाव राजापूर तालुक्यात. घरात आजोबांची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. रानडुकरं एका रात्रीत भाताची खाचरं नांगरून टाकतात आणि केलडी (माकडं) नारळ खाली येऊ देत नाहीत. बंदूक म्हणजे आमच्याकडे कोयत्यासारखं अवजार. तरी दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची. वडील गोणपाटात गुंडाळून एसटीने न्यायचे, पावती घ्यायचे, निकालानंतर परत आणायला चकरा. भाताला लोंब्या आल्या असताना निवडणूक लागली तर डुकरांना सुट्टीच.

परवाना नूतनीकरणाला गेलं की वडील टेबलासमोर जे हात जोडून उभे राहायचे ते मला लहानपणी फार लागायचं. सत्तरीचा माणूस, गुन्हा नाही, भांडण नाही. साहेबांच्या मर्जीवर सगळं. तुळसताईंनी फॉर्मची घडी केली ते वाचून तेच आठवलं.

पर्वती_पायथा
इंग्रजांनी १८७८चा शस्त्र कायदा आणला त्याविरुद्ध आपल्याकडे काँग्रेसने ठराव केले होते, हे शाळेत शिकलो. अमेरिकेशी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

जुनी_वही
जोडून पाहाच. अमेरिकेत शस्त्रावर राज्यांनी घातलेल्या निर्बंधांचा इतिहास हा बहुतांशी कुणाला देऊ नये याचा इतिहास आहे.

यादवी युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये मिसिसिपीने कायदा केला की नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या माणसाने परवान्याशिवाय शस्त्र बाळगायचं नाही. पिस्तुलाला परवाना सक्तीचा करणारा १९११चा न्यूयॉर्कचा सलिव्हन कायदा आला तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांतला रोख इटालियन आणि इतर नव्या स्थलांतरितांवर होता. १९५६ मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. अहिंसेचा मार्ग त्यांनी पुढे कुठवर नेला ते आपण जाणतो, पण त्या दिवशी घरात बायको आणि तान्ही मुलगी होती. अर्ज नाकारला गेला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याला गरज सिद्ध करता आली नाही. १९६७ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे ब्लॅक पँथर उघडपणे बंदुका घेऊन ओकलंडच्या रस्त्यांवर फिरायला लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक उघड नेण्यावर बंदी घालणारा मलफोर्ड कायदा केला आणि त्यावर सही तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची होती.

शिकागोचा हँडगनबंदी कायदा २०१० मध्ये ज्यांच्या खटल्याने पडला ते ओटिस मॅकडोनाल्ड सत्तरी ओलांडलेले काळे गृहस्थ. घर वारंवार फोडलं जात होतं म्हणून ते कोर्टात गेले. आणि ब्रुएनमध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विरोधात निवेदन देणाऱ्यांत ब्राँक्समधले, गरिबांचे खटले चालवणारे सरकारी खर्चाचे वकील होते. त्यांची अशिलं म्हणजे परवाना परवडत नाही किंवा मिळत नाही म्हणून शस्त्र बाळगल्याच्या आरोपात तुरुंगात गेलेली काळी आणि लॅटिनो मुलं. पैसेवाल्यांचं अडत नव्हतं. न्यूयॉर्क पोलिसांच्या परवाना विभागातल्या अधिकाऱ्यांना लाचप्रकरणी शिक्षा झाल्या आहेत. मर्जीवर चालणाऱ्या खिडकीपुढे दलाल उभा राहतोच.

रात्रपाळी
@जुनी_वही, हे मला माहीत नव्हतं आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मर्जीवरचा परवाना चूकच. पण पँथरना अडवणारा कायदा वाईट होता म्हणून माझ्या वॉर्डाच्या दारावरचा कायदा वाईट ठरत नाही.

जुनी_वही
कबूल. तुमच्या दारात मेटल डिटेक्टर आणि पहारेकरी असेल तर मी स्वतः पिस्तूल बाहेर ठेवून येईन. राज्याने ज्या जागेत मला नि:शस्त्र केलं, तिथे माझी राखण करायचीही जबाबदारी घ्यावी. कोर्टात, विमानतळावर ती घेतली जाते. टाउनशिपच्या उद्यानात कोण घेतं?

जर्सीसिटी८७
मी इथे फारसा लिहीत नाही, वय झालं. १९८७ मध्ये आम्ही जर्सी सिटीत भाड्याने राहत होतो. बायकांच्या कपाळावरच्या कुंकवावरून 'डॉटबस्टर्स' नाव घेतलेली टोळी होती. वर्तमानपत्रात त्यांचं पत्र छापून आलं, की भारतीयांना शहरातून हाकलणार. शेजारच्या होबोकेनमध्ये आपल्या एका तरुणाला मारून मारून जिवे मारलं.

माझी बायको त्या वर्षी कुंकू पुसून बसस्टॉपवर जायची आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये पुन्हा लावायची. संध्याकाळी उलटं. डबीचं झाकण सैल होतं, पर्सचं अस्तर लाल झालेलं मी पाहिलंय.

आम्ही पुरुष मंडळी गट करून फिरायचो, हातात बॅट. परमिटचा विचारसुद्धा कुणाच्या मनात आला नाही, कारण ते आपल्यासाठी नसतंच हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी आजही पिस्तूल घेणार नाही, हात कापतात. पण कुणी सुनेला म्हणालं की तुला काय गरज, तर मी तिच्या बाजूने उभा राहीन.

लाल_माती_डॅलस
काका, नमस्कार करतो.

आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे हेरून दरोडे घालणारी टोळी इथेही आली होती. न्यूयॉर्क, जॉर्जिया, मिशिगन, टेक्सास अशी राज्यांमागून राज्यं भारतीय आणि आशियाई घरं लुटली. मिशिगनच्या फेडरल कोर्टात त्यांच्या म्होरकीला २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा झाली. लोकांना मुलांसमोर बांधून ठेवलं होतं.

गोदाघाट_नवा
पण मग घरात ठेवणं वेगळं आणि रस्त्यावर नेणं वेगळं ना? घरात ठेवायचा हक्क २००८च्या हेलर निकालानेच दिलाय.

दारातली_तुळस
@गोदाघाट_नवा, मला घरात कुणी धरलं नव्हतं रे. पार्किंगमध्ये धरलं.

चुलीवरची_भाकरी
माझा मुद्दा वेळेचा. २०१५ साली याच राज्यात, बर्लिन टाउनशिपमध्ये, एका बाईने पूर्वीच्या जोडीदाराविरुद्ध कोर्टाचा संरक्षण आदेश मिळवला, कॅमेरे लावले, पिस्तुलासाठी अर्ज केला. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं. ते उलटून गेले तरी उत्तर नाही. त्याने तिला तिच्याच घरासमोर भोसकून मारलं.

मीही एकदा तसा आदेश हातात घेऊन घरी आले होते, वेगळ्या राज्यात. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला होता. दाराची कडी वाजली की मी आधी त्याच्याकडे बघायचे. अधिक लिहीत नाही. २०२४च्या रहीमी निकालात सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की असा आदेश ज्याच्याविरुद्ध आहे त्याचं शस्त्र काढून घेता येतं. मी त्या निकालाच्या शंभर टक्के बाजूची आहे. त्याचं घ्या आणि माझं मला वेळेत द्या.

रात्रपाळी
@चुलीवरची_भाकरी, तुमचं वाचून बराच वेळ काही टाइप केलं नाही. तुमच्या शेवटच्या वाक्यावर सही करते.

संपादक_मंडळ
दोन प्रतिसाद उडवले आहेत. राष्ट्राध्यक्षांवर आणि पक्षांवर वेगळे धागे आहेत, तिथे जावे. बाकी चर्चा चालू द्या.

मिरज_जंक्शन
बायकोने वर्गात नाव घातलं. माझंही घातलंय, न विचारता.

रारिटनकाठ
अभिनंदन दोघांचं. एक लक्षात ठेवा, काकाही सांगतीलच: न्यू जर्सीत घराबाहेर असताना सुरक्षितपणे निघून जाणं शक्य असेल तर आधी निघून जायचं, हा कायदा आहे. पाकिटासाठी गोळी झाडायची नाही. पाकीट देऊन टाकायचं.

दारातली_तुळस
सगळ्यांचे आभार, विशेषतः रात्रपाळी आणि जर्सीसिटी काकांचे. पाकीट मी त्या रात्रीही लगेच दिलं होतं, रारिटनकाठ. दिल्यावरही त्याने मान सोडली नाही.

मी ठरवलंय ते असं. दवाखान्यात नेणार नाही, कायदा बदलला तरी. ग्रंथालय आणि उद्यान यांच्याबद्दल आमच्या भागाच्या आमदाराला पत्र लिहिलंय. माझ्या एका दिवसाचा हिशेब वेळेसकट मांडलाय, किती वेळा गाडीत काढघाल होते ते. गणपतीच्या मिरवणुकीचंही लिहिलंय. टाउनशिपची परवानगी घेऊन निघते म्हणून त्या रस्त्यावर १०० फुटांत मी जाऊ शकत नाही, आणि दुकान त्याच रस्त्यावर आहे. राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला, सुनावणी लागली तर बोलायला जाईन. इंग्रजी अडखळतं, पण कागदावरून वाचता येतं.

काका, गाडीतल्या पेटीचं विचारायचं राहिलं. सीटखाली बोल्टने बसवू की पोलादी तारेची मिळते ती चालेल?

नेमबाज_काका
तार सीटच्या रुळाभोवती दोनदा फिरवा, पेटी बाहेरून दिसता कामा नये. बोल्ट जास्त बरा, पण गाडी लीजवर असेल तर भोक पाडू नका. शनिवारी दुकानावर येतो, बघून सांगतो. सकाळी दहाच्या आत, मग रेंजवर वर्ग आहे.

दारातली_तुळस
लीजवरच आहे. या, चहा ठेवते.